दिवा फक्त सुतापुरता

कोकणच्या बंदरांतून दोन हजार वर्षांपूर्वी कापड परदेशी जात होते, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. ते कापड कसे होते, असे विचारले की अडचण सुरू होते. अलिबागजवळचे चौल हे असेच एक बंदर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते ‘सेमिल्ला’ म्हणून येते, कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ म्हणून. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे केलेल्या संशोधनात सातवाहनकालीन बंदराचा पुरावा मिळाला: खापरे, नाणी, बांधकामाचे अवशेष. कापड मात्र नाही, आणि ते मिळण्याची आशाही फारशी नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जांभ्या मातीत सूत काही वर्षांतच मातीशी एकरूप होते.

ही गोष्ट मला पुरातत्त्वाच्या पुस्तकांआधी घरात कळली होती. रेवदंड्याच्या आमच्या घरी माळ्यावर आजीची पत्र्याची ट्रंक होती. ती गेल्यानंतर अनेक वर्षांनी आम्ही ती उघडली. तळाशी तिचे लग्नातले लुगडे घडी घालून ठेवलेले होते. आईने ते उचलले तेव्हा ते घड्यांवरच तुटले, आणि हातात राहिला जरीचा काठ व त्याला चिकटलेले थोडे धागे. आई काही बोलली नाही. तिने तो काठ एका कागदात गुंडाळला आणि ट्रंक झटकून उन्हात ठेवली.

धातूच्या आश्रयाने धागा तगतो, हे पुढे नेवाशाविषयी वाचताना पुन्हा भेटले. ज्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथेच ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याचे क्षार सूक्ष्म जीवांना मारक असतात, त्यामुळे मण्यांच्या आतला दोरा सुमारे तीन हजार वर्षे टिकून राहिला. अ. ना. गुलाटी यांनी तो तपासला आणि 1961 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यात रेशीम व कापूस असल्याचे नोंदवले. पुणे जिल्ह्यातील चांडोलीच्या अशाच मण्यांत त्यांना जवसाच्या तागाचा धागा आढळला. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडही 1920च्या दशकात याच गुलाटींनी, ए. जे. टर्नर यांच्यासह, मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत अभ्यासले होते. भारतीय वस्त्राच्या इतिहासाचा आरंभ असा मण्याच्या भोकात आणि भांड्याच्या गंजात शिल्लक आहे.

किनाऱ्यावरच्या कापडाला तेवढाही आश्रय मिळाला नाही. त्यातले जे टिकले ते दूर गेले म्हणून टिकले. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे रोमन काळातील बंदर आहे. तेथे 1994 पासून झालेल्या उत्खननांत, वाळवंटी कोरड्या उकिरड्यांत, भारतीय सुती कापडाचे तुकडे निघाले. काही नक्षीचे रंगीत, तर काही चक्क जहाजाच्या शिडाचे. जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड या अभ्यासकांनी ते ओळखले ते मुख्यतः धाग्याच्या पिळावरून. इजिप्तचे कातणारे सुताला एस अक्षराच्या मधल्या रेघेसारखा पीळ देत, भारतातले झेडसारखा. हे तुकडे पश्चिम भारतातून गेलेले मानले जातात. त्यांवर चौलचा शिक्का नाही, पण कातणाऱ्या हाताचे वळण आहे.

त्या हाताचा धनी कोण, याविषयी लेख काय सांगतात? नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक दराने व्याज येई, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. त्यातून वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळत. हिशेब आजही चोख जुळतो. दाता कळतो, दर कळतो, चीवरे कितीजणांची तेही कळते. विणकरांच्या श्रेणीचा उल्लेख होतो; एकाही विणकराचे नाव येत नाही आणि कातणाऱ्यांचा तर उल्लेखही नाही.

कातणाऱ्या भेटतात त्या ‘अर्थशास्त्रा’त, सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात. विधवा, अपंग स्त्रिया, वृद्ध दासी यांच्याकडून सूत कातून घ्यावे, सुताचा तलमपणा पाहून मजुरी ठरवावी, असे तिथे सांगितले आहे. ज्या स्त्रिया स्वतः सूतशाळेत येतील त्यांनी पहाटे सूत देऊन मजुरी घ्यावी. त्या वेळी दिवा असावा तो सूत तपासण्यापुरताच. स्त्रीच्या मुखाकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे. नियम तिच्या संरक्षणासाठी आहे, हे उघड आहे. तरीही ते चित्र मनातून जात नाही: उजेड सुतावर, चेहरा अंधारात.

आपण साहित्याचे अभ्यासक तरी वेगळे काय करत आलो? ‘सूत्र’, ‘तंत्र’, ‘ग्रंथ’ हे आपले शब्द दोरा, माग आणि गाठ यांच्याशी नाते सांगतात. वेदान्तातला पट आणि तंतू यांचा दृष्टान्त आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो: पट म्हणजे नामरूप, तंतू हेच सत्य. पण तो तंतू कोणी कातला, हे आम्हांला कोणा विद्यार्थ्याने विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. दृष्टान्ताला त्या प्रश्नाची गरज नसते, हे मान्य. वाचकाला मात्र ती असायला हवी. सूक्ष्मदर्शकाखालचा तो झेड-पीळ कोणा एका बाईच्या बोटांची रोजची सवय होती. तिचे नाव आता मिळणार नाही. पण ती होती एवढे तरी आपल्या वाचनात यावे, आणि पुढच्या वेळी पट-तंतू शिकवताना क्षणभर थांबून तिचा उल्लेख व्हावा, असे मला वाटते.