पुढच्या वर्षीची यादी

गेल्या रविवारी बहीण आणि भाची घरी आल्या. भाचीच्या हातात वही होती. ती आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एसवायला आहे आणि मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळते. यंदा त्यांनी तीन सामने खेळले आणि तिन्ही हरले. शेवटच्यात तर तीस गुणांचा फरक होता. मला वाटले, पोरगी रडेल. तिने वही उघडली. दहा नावे होती. टीवायच्या दोघी जाणार, त्यांच्यावर रेघ मारलेली. उरल्या आठ, त्यांतल्या पाच एफवायच्या.

"मामू, या आठ जणी आणखी एक वर्ष एकत्र खेळल्या, तर आम्ही कुठवर जाऊ?"

हे तिने मलाच विचारायला कारण आहे. कॉलेजची तीन वर्षे मी मुंबईत, नागपाड्याला खालाकडे काढली. नागपाडा म्हटले की लोकांना बरेच काही आठवते, बास्केटबॉल क्वचितच. भारताचे कर्णधार राहिलेले, अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले. मगरिबनंतर दिव्यांखाली आम्ही खेळायचो. मी काही मोठा खेळाडू झालो नाही, पण वेड लागले ते सुटले नाही.

मी तिला लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाची हकीकत सांगितली. १९६५ साली तिथे न्यूयॉर्कहून लू अल्सिंडर नावाचा सात फुटांहून उंच मुलगा शिकायला आला. विद्यार्थी असतानाच, १९६८ मध्ये, त्याने इस्लाम स्वीकारला आणि पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने तो जगाला माहीत झाला. त्या काळी तिकडे नियम होता की पहिल्या वर्षाच्या मुलांनी मुख्य संघातून खेळायचे नाही. त्यांचा संघ वेगळा. २७ नोव्हेंबर १९६५ रोजी या नवख्यांचा सामना आपल्याच विद्यापीठाच्या मुख्य संघाशी झाला. मुख्य संघ लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता. नवख्यांनी त्याला ७५-६० असे हरवले. एकट्या अल्सिंडरचे ३१ गुण.

तरी नियम तो नियम. त्या मोसमात मुख्य संघ २६ पैकी ८ सामने हरला, राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचलाही नाही. ही पोरे मात्र वर्षभर आपले वेगळे सामने खेळत राहिली. पुढच्या मोसमात ती मुख्य संघात आली. पहिल्या पाचांतले चौघे दुसऱ्या वर्षाचे होते. तीसपैकी तीस सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात डेटनला ७९-६४ असे हरवून विजेतेपद घेतले.

"मग त्या आधीच्या वर्षात त्यांनी काय केलं?"

"सराव. त्यांचे प्रशिक्षक जॉन वुडन सुरुवातीलाच मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो."

भाची हसली आणि तिने वहीत 'मोजे' असे लिहून घेतले.

मी तिला खोटी आशा दाखवली नाही. "तुमच्याकडे अल्सिंडर नाही. पण आठही जणी टिकलात तर तीसचा फरक दहावर येईल, एखादा सामना जिंकालही. तिकडची वर्तमानपत्रंसुद्धा मोसम संपला की आधी हेच मोजतात, कोण कोण परत येणार."

तिने पान उलटले. "मामू, तेच तर. आठ आहेत कुठे?"

एकीचे ईदनंतर लग्न. एकीचे अब्बा आजारी, ती शिकवण्या घेणार. एकीला घरचे बाहेरून परीक्षेला बसवणार, कारण सरावानंतर तिची एसटी चुकते. उरल्या पाच. पाच जणींचा संघ मैदानात उतरतो खरा, पण एकीला पाचवा फाउल झाला की राहतात चार.

बहीण इतका वेळ गप्प होती. नववीत असताना ती जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळली होती. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा अब्बांनी माझे मत विचारले होते. शहरात शिकणारा मुलगा काय म्हणतो ते त्यांना हवे होते. मी म्हणालो, "लोक काय म्हणतील तेही बघायला हवं." तिचा खेळ त्या दिवशी बंद झाला. आठवड्याने मी नागपाड्याला परतलो आणि त्याच संध्याकाळी मैदानावर गेलो. वीस वर्षांत आम्ही दोघे यावर एक शब्द बोललो नव्हतो.

"भाई," ती म्हणाली, "त्या एसटीवाल्या मुलीच्या घरी जाऊ या. या वेळी तू नीट बोल."

सोमवारी गेलो. मुलीचे वडील साधे गृहस्थ आहेत. खेळाला त्यांचा विरोध नाही. अंधारात पोरगी एकटी स्टँडवर उभी राहते, हे त्यांना सोसत नाही. त्यांची काळजी खरी होती. भाची म्हणाली, "सराव सकाळी तासांच्या आधी ठेवायला आम्ही सरांना सांगू." मी त्यांना माझ्या बहिणीचे सांगितले, आणि मी तेव्हा काय म्हणालो होतो तेही. बहीण शेजारीच बसली होती. ते बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "वेळ बदलू द्या. जूनमध्ये बघू."

परतताना रिक्षात भाचीने वहीतला पाचाचा आकडा खोडला. सहा लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. बहिणीने विचारले, "आता शिकवण्यावालीचं घर कुठे आहे?"