दोन्ही बरोबर

लोधीखेड्याच्या आमच्या ओसरीवर रोज सायंकाळी पाच वाजता सात मुले जमतात. वय पाच ते आठ वर्षे. शाळेत ती हिंदीतून शिकतात, घरी मराठी बोलतात आणि मराठी लिहा म्हटले की पाटीकडे पाहत बसतात. प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर वेळ कारणी लागावा, या हेतूने मी हा वर्ग सुरू केला. शिकविण्याचा अनुभव गाठीशी होता आणि त्याचा अभिमानही होता. त्या अभिमानाचीच ही हकीकत.

जुन्या मध्यप्रांतात नागपूर ही आमची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौसर-पांढुर्ण्याचा आमचा भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सोयरिकी मात्र आजही सीमा ओलांडूनच जुळतात. त्याच १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्यांनी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे तो सांगतो. परंतु घरात जे पेरले नाही, ते कायद्याने कसे उगवावे? माझी स्वतःची मुलगी मराठी छान बोलते, पण पत्र मात्र मला हिंदीतून लिहिते. त्या पत्रांतील प्रत्येक ओळ मला माझी चूक वाटते.

म्हणूनच वर्गात मी फार काटेकोर झाले. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. हे मुलांना गमतीचे वाटे. ‘ळ’ म्हणताना जीभ वळवून वळवून ती हसत. पण शेजारचा सहा वर्षांचा एक मुलगा एके दिवशी म्हणाला, “आजी, मी संत्रा खाऊन रायलो.” मी तत्काळ म्हटले, “रायलो नव्हे. ‘मी संत्रे खातो आहे’ असे म्हण.” त्याने म्हटले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी हिंदीत बोलला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही.

त्याच आठवड्यात अमेरिकेतून नातीचा दूरध्वनी आला. दूरध्वनीच्या पडद्यावर ती आपली शाळा दाखवीत होती. तिच्या पहिलीच्या वर्गात निम्मा दिवस इंग्रजी आणि निम्मा दिवस स्पॅनिश चालते. तिकडे ही पद्धत जुनी आहे. क्यूबातील क्रांतीनंतर मायामीत आलेल्या निर्वासितांची मुले आणि तेथील इंग्रजी बोलणारी मुले यांच्यासाठी कोरल वे या प्राथमिक शाळेत १९६३ साली असे दुभाषी शिक्षण सुरू झाले. घरची स्पॅनिश घेऊन आलेले मूल तेथे मागे पडलेले मानले गेले नाही. सोबत्यांना देण्यासारखे काहीतरी त्याच्यापाशी होते.

नातीने मला टेबल दाखवून ‘मेसा’ हा शब्द शिकविला. स्पॅनिशमध्ये टेबल स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला मेसा’ म्हणायचे. मी विचारले, “तू चुकलीस तर बाई रागावतात का गं?” ती म्हणाली, “नाही आजी. मी ‘एल मेसा’ म्हटलं, तर बाई टेबलावर थाप मारतात आणि म्हणतात, ‘सी, ला मेसा!’ ‘सी’ म्हणजे हो.”

आधी ‘हो’! इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला सुचले नव्हते. शिवाय त्या मुलाचे चुकले तरी काय होते? ‘खाऊन रायलो’ ही त्याच्या आजीची बोली. नागपूर-वऱ्हाडकडे घरोघर असेच बोलतात. पुस्तकी मराठी शिकविण्याच्या नादात मी त्याच्या घरावरच लाल रेघ ओढली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. त्याची आजी सुपात तांदूळ पाखडीत होती. मी त्याला म्हटले, “तुझ्या घरच्या बोलीतले शब्द मला येत नाहीत. मला शिकवायला येशील?” त्याने आजीकडे पाहिले, मग माझ्याकडे. सायंकाळी तो आला.

आता आमच्या वर्गात आधी उड्या, टाळ्या, गाणी आणि मग पाटी. “ऊठ”, “बस”, “दार लाव” या आज्ञा मुलेच मला देतात. तो म्हणतो, “बाळ झोपून रायलं.” मी म्हणते, “हो, बाळ झोपलं आहे.” कोणते बोलणे कोठे वापरावे, ते त्याचे त्याला हळूहळू कळेल. बोलणे थांबले नाही, म्हणजे कळेलच.

परवा त्याने पाटीवर गावाचे नाव लिहिले आणि कपाळाला आठ्या घालून विचारले, “आजी, फलकावर ‘लोधीखेड़ा’ असं ‘ड’खाली टिंब आहे. तू शिकवलं त्यात नाही. बरोबर कोणतं?”

पूर्वीची मी असते, तर टिंब पुसले असते.

“हिंदीत टिंब, मराठीत बिनटिंब,” मी म्हटले. “दोन्ही बरोबर.”

त्याने एकाखाली एक दोन्ही लिहिले. त्या रात्री मी मुलीला मराठीत पत्र लिहिले आणि शेवटी एवढेच घातले: जमेल तसे मराठीत उत्तर दे, मी तुझ्या चुका काढणार नाही.