एअर घेते बाबू ही

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. सकाळच्या शिफ्टला निघताना बुटीबोरीतल्या खोलीला कुलूप लावत होतो, तेवढ्यात बाबांचा फोन आला. बाबा सहसा स्वतः फोन करत नाहीत. आई लावते, शेवटी "घे, बाबांशी बोल" म्हणते, आणि मग आम्ही दोघं पाऊस आणि जेवण या दोन विषयांवर मिनिटभर बोलतो. त्या दिवशी त्यांनी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. नुसता दोरी ओढल्याचा खर्रर्र आवाज आला. मग मशीन सुरू झाल्याचा. तीन-चार सेकंदांत ती मेली.

"आयकलं का?"

"ऐकलं."

"सकाळपासून असंच करून रायली. एअर घेते बाबू ही."

"बाबा, हे डिझेल इंजिन नाही. यात एअर-बिअर काही नसतं."

हे मी फार खात्रीने बोललो होतो, एवढंच आत्ता सांगून ठेवतो.

आमचं गाव लाखनीपासून थोडं आत आहे. तीन एकर धान. त्यातलं एक एकर हलकं, म्हणजे लवकर निघणारं, बाकी भारी. हलकं धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतं आणि नेमकं तेव्हाच परतीचं ढग डोक्यावर येऊन बसतं. कापलेल्या कडपा बांधीत पसरलेल्या असताना पाऊस आला तर दाण्याला कोंब फुटतो. उभं धान आडवं झालं तर वेगळंच दुखणं. मधल्या चार-पाच कोरड्या दिवसांत कापून, वाळवून, भारे बांधून पुंजणं रचायचं असतं. आणि त्याच चार-पाच दिवसांत गावातल्या प्रत्येकाला तेच करायचं असतं, त्यामुळे मजूर मिळत नाहीत.

२०२१ मध्ये बाबांच्या कमरेतला मणका सरकला. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. धानाच्या शेतकऱ्याला वाकू नको म्हणणं म्हणजे काय, ते डॉक्टरांनाही कळत असावं, कारण म्हणताना ते हसले होते. त्या वर्षी आईने आणि काकूने विळ्याने सगळं कापलं. मी नागपूरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. पुढच्या वर्षी नोकरी लागली, आणि पहिल्या तीन पगारांतून मी ब्रश कटर घेतला. टू-स्ट्रोक, खांद्याला पट्टा, पुढे दातेरी पातं आणि कापलेलं धान एका बाजूला निजवणारा पत्रा. वाकायचं काम नाही. नीट चालला तर दिवसाला एकरभर होतं. बाबांनी मशीन बघितली, उचलून बघितली, आणि म्हणाले, "तू येत नाहीस म्हणून हे पाठवलंस का?" मी हसण्यावारी नेलं. पण खरं तेच होतं. मशीन म्हणजे माझी बदली होती. म्हणून ती बंद पडली की मला फोन येणार, हेही ठरलेलंच होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल केला. बाबांनी फोन उलटा धरलेला, मला पहिली दोन मिनिटं त्यांचा कान दिसत होता. मी म्हटलं, चोक लावून सुरू करा. सुरू झाली. चोक काढला, बंद. परत चोक, परत सुरू. एवढ्यावरून अर्धं निदान होतं. चोक लावला की हवा अडते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोकवर चालते आणि चोक काढल्यावर मरते, म्हणजे ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल मात्र पुरेसं पोचत नाही. प्लग काढायला लावला, तो कोरडा ठणठणीत. पेट्रोल जास्त होत असतं तर तो ओला निघाला असता.

मग टाकीचं झाकण. झाकणात हवा आत जायला बारीक वाट असते. ती बुजली की टाकीतून पेट्रोल निघतं, पण त्याच्या जागी हवा येत नाही, पोकळी तयार होते आणि पुरवठा थांबतो. हे समजावायला मी तोंड उघडलं, तर बाबा म्हणाले, "म्हणजे तेलाच्या पिप्याला दोन भोकं पाडतेत तसं." तसंच. झाकण सैल करून बघितलं. फरक नाही. म्हणजे झाकण नव्हतं.

सुट्टी संपली. मी म्हटलं, शनिवारी रात्री येतो, तोवर हात लावू नका.

त्यांनी अर्थातच ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी गाडीवर मशीन घालून एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने कार्बोरेटरवरचे एच आणि एल नावाचे दोन स्क्रू इकडेतिकडे फिरवले, 'कार्बोरेटर गेला, अठराशे रुपये, माल यायला आठ दिवस' असं सांगितलं. आठ दिवस! आईने त्याच संध्याकाळी विळ्यांना धार लावली. काकू आली. रात्री फोनवर आई एवढंच म्हणाली, "आम्ही करतो थोडं थोडं, तू काळजी नको करू." या वाक्यानंतर झोप लागत नाही.

शनिवारी ड्युटी संपल्यावर नागपुरात अडीचशे रुपयांचं डायफ्रामचं किट आणि कार्बोरेटर क्लीनरची बाटली घेतली, भंडाऱ्याची बस पकडली, पुढे साकोलीच्या गाडीने लाखनी. घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात मशीनजवळ खुर्ची टाकून बसले होते, आजारी माणसापाशी बसतात तसे.

आधी टाकीतलं पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत ओतलं आणि पाच मिनिटं ठेवून दिलं. बाटलीत दोन थर झाले. वर ऑइलमुळे हिरवट झालेलं पेट्रोल, खाली बोटभर स्वच्छ पाण्यासारखं काहीतरी. बाबांना वाटलं कोणीतरी पाणी मिसळून विकलं. तसं नव्हतं. जूनमध्ये धुऱ्यावरचं गवत काढल्यावर अर्धी टाकी तशीच ठेवून मशीन कोठ्यात टांगली होती, आणि वरून चार महिन्यांचा भंडाऱ्याचा पावसाळा गेला. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर सुरू झालं, २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. गाडीत रोज भरतो, रोज जाळतो, त्यामुळे तिथे सहसा असं होत नाही. वर्षातून वीस दिवस चालणाऱ्या मशीनमध्ये होतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये ते जास्त वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं आणि फिल्टर असतो तळाशी. म्हणजे इंजिन ऑइल नसलेलं पाणी पिणार. पिस्टन धरला नाही हे नशीब.

यातली गंमत बाबांना सांगितली. इथेनॉल ऊस आणि मक्यापासून होतं तसं तांदळापासूनही होतं, अन्न महामंडळाचा जास्तीचा तांदूळ सरकारने त्यासाठी दिलेला आहे. बाबा बाटलीकडे बघत म्हणाले, "म्हणजे धानच धान कापू देत नाही."

कार्बोरेटर खोलला. ब्रश कटर आडवा-तिडवा फिरवायचा असल्याने त्याच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलसारखा फ्लोट नसतो, पातळ पडदे असतात. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमध्ये दाब कमीजास्त होतो, त्या दाबाने एक पडदा फडफडतो आणि तोच टाकीतून पेट्रोल ओढतो. मशीन स्वतःच्या श्वासावर पेट्रोल पिते म्हणा ना. आमच्या मशीनचा तो पडदा भाजलेल्या पापडासारखा कडक झाला होता. त्याच्या आत नखाएवढी बारीक जाळी असते, ती पांढऱ्या-हिरव्या भुकटीने भरली होती. जाळी क्लीनरने धुतली, भोकांतून फवारा मारला. (सुई घालू नका. जेटचं भोक पितळेचं असतं, एकदा रुंद झालं की गेलं.) पडदे बदलले. दुरुस्तीवाल्याने फिरवलेले स्क्रू पुस्तिकेत दिल्याप्रमाणे परत जागेवर आणले. ताजं पेट्रोल, लिटरला ४० मिली ऑइल. फुगा दाबून पेट्रोल चढवलं, दोरी ओढली, चोक काढला. चालली! आई चुलीपुढून उठून बाहेर आली.

पाच मिनिटं चालली आणि बंद पडली.

मी परत स्क्रूड्रायव्हर घेतला. रात्रीचे साडेदहा झाले होते, घाम, डास, आणि बाबा शेजारी गप्प. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या गप्प बसण्याचाच राग आला. मी कार्बोरेटर पुन्हा खोलायला घेतला तर ते म्हणाले, "थांब जरा. नळी बघू दे."

टॉर्च नळीवर धरून त्यांनी मला फुगा दाबायला लावला. पेट्रोलसोबत बुडबुडे येत होते. बारीक, एकामागे एक. नळी टाकीत शिरते तिथे, रबरी बूचाच्या अगदी काठाला, केसाएवढी चीर होती. थंड असताना ती मिटलेली असायची. इंजिन तापलं, थरथरलं की उघडायची, आणि पेट्रोलऐवजी हवा ओढायची. इतक्या वेळा ती नळी माझ्या हातातून गेली होती.

बोडीवरचं जुनं डिझेल इंजिन बाबांनी पंधरा-सोळा वर्षं चालवलं. त्याने एअर घेतली की ते रात्री-बेरात्री नट ढिला करून, बुडबुडे संपेपर्यंत हाताने पंप मारत बसायचे. मी लहानपणी कंदील धरायचो. ते मला आठवत होतं, फक्त उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

"सांगतलं होतं," एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, "हो, पण जाळीही भरलेली होती." "असन ना," म्हणाले. पाव इंच नळी कापून चिरेचा भाग काढला, उरलेली घट्ट बसवली.

रविवारी सकाळी दव सुकल्यावर सुरुवात केली. अर्धा दिवस मी, अर्धा दिवस ते. त्यांनी पट्टा माझ्याकडून मागून घेतला, मी नको म्हणालो नाही. आई आणि काकू कडपा सारख्या करत मागून येत होत्या. संध्याकाळपर्यंत आईने आधी कापलेलं धरून हलकं धान झालं, एक बांधी सोडून. सोमवारी दुपारी पाऊस आला. तोपर्यंत मी बुटीबोरीत होतो. अर्ध्या कडपा ताडपत्रीखाली गेल्या, अर्ध्या भिजल्या. त्या आईने दोन दिवस उलट्यापालट्या करून वाळवल्या. काही दाणा काळा पडलाच.

भारी धान नोव्हेंबरात निघालं. मंडई होऊन गेल्यावर एका रात्री बाबांचा व्हॉइस मेसेज आला, त्यांच्या आयुष्यातला पहिलाच असावा. दीड मिनिटाचा. आधी मशीनचा एकसारखा आवाज, मग हळूहळू अडखळत, वर चढत, आणि बंद. नंतर त्यांचा आवाज: "टाकी रिकामी करून चालवली. आता थेंब नाही तिच्यात. टांगून ठेवतो." पुढे थोडा वेळ नुसती रातकिड्यांची किरकिर आहे, कारण मेसेज थांबवायचा कसा हे त्यांना माहीत नव्हतं.