पहिली पंगत की दुसरी?

गेल्या डिसेंबरात आम्ही उभयतांनी मुलाच्या कुटुंबासह समुद्रसफर केली. मुंबई, गोवा, लक्षद्वीप आणि परत मुंबई. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून चिरंजीवांनी हा बेत आखला होता. अर्ज, ओळखपत्रे, पैसे हे सर्व त्यांनीच पाहिले. एक रकाना तेवढा मोकळा ठेवून ते मला म्हणाले, “पप्पा, एवढे तुम्ही ठरवा. मम्मींचा प्रश्न आहे.”

रकाना होता रात्रीच्या जेवणाचा. ‘अर्ली सीटिंग’ साडेसहाला, ‘लेट सीटिंग’ पावणेनऊला. जहाजावर हजाराच्या वर प्रवासी असतात आणि मुख्य भोजनगृहात एका वेळी त्यांतले निम्मेच मावतात, म्हणून ही विभागणी. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिली पंगत आणि दुसरी पंगत. एकदा निवडली की सफर संपेपर्यंत तीच वेळ आणि तेच टेबल.

आमच्या सौ. चौविहार पाळतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी चातुर्मासात पच्चक्खाण घेतले, ते आजतागायत सुटलेले नाही. त्यामुळे सूनबाईंनी तत्काळ निकाल दिला, “अर्लीच घ्या, मम्मींना सोयीचे.” चिरंजीवांचे मन दुसऱ्या पंगतीकडे होते, कारण सायंकाळचे खेळ आणि करमणुकीचे कार्यक्रम साडेसहाच्या जेवणात बुडतात. सासूबाईंचे नाव निघाल्यावर मात्र ते गप्प बसले. मीही होकार देऊन टाकला असता. पण छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला आकडा तपासल्याशिवाय सही करवत नाही.

मी पंचांग काढले. डिसेंबरच्या पूर्वार्धात मुंबईचा सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. आमच्या शिरपूरला तो त्याहूनही दहा-बारा मिनिटे आधी. (शिरपूर म्हणताच पुष्कळांना अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर आठवते. ते वाशिम जिल्ह्यातले. आमचे धुळे जिल्ह्यातले, अरुणावतीकाठचे. दर्शनाची चौकशी करणारे फोन आम्हाला अजून येतात.) हिवाळ्यात दक्षिणेकडे जावे तसा दिवस थोडा मोठा होतो, त्यामुळे गोव्याला सूर्यास्त दोन-तीन मिनिटांनी लांबतो आणि लक्षद्वीपजवळ तो सव्वासहाच्या पुढे जातो. म्हणजे संपूर्ण प्रवासात एकाही दिवशी साडेसहाचे ताट सौ.च्या कामाचे नव्हते. ज्यांचा दोन घडी आधी उरकण्याचा नियम आहे, त्यांना तर मुंबईत सव्वापाचलाच हात धुवावे लागतील. जिला आम्ही ‘त्यांची’ पंगत समजत होतो, ती त्यांच्यासाठी दुसऱ्या पंगतीइतकीच उशिराची होती.

उलट साडेसहाच्या पंगतीत एक नवीनच अडचण होती. सूर्यास्तानंतर सौ. प्रतिक्रमणाला बसतात. त्या वेळी त्यांना भोजनगृहात नेऊन बसवायचे, तर जेवणही नाही आणि प्रतिक्रमणही नाही. मी रकान्यात ‘लेट’ लिहिले आणि सोबत लेखी विनंती जोडली: एक जैन थाळी, कंदमूळविरहित, रोज पाच वाजता. सूनबाईंना आश्चर्य वाटले. चिरंजीवांना आनंद झाला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

समुद्रावर आहाराचे नियम सांभाळण्याचा प्रश्न आपल्यापुढे आज आलेला नाही. १८८८ साली गांधीजी विलायतेला निघाले, तेव्हा मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ त्यांना बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली होती. बोटीवर टेबलाशी बसण्याचा त्यांना इतका संकोच वाटे की घरून नेलेली मिठाई आणि फळे खाऊन ते बहुधा आपल्या खोलीतच जेवत. पुढे १९१५च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी दिवसभरात पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचे आणि अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले. वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली आत्मारामजी महाराजांच्या वतीने शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा तर समुद्र ओलांडावा की नाही यावरच समाजात वाद झाला. त्या मानाने आमची अडचण फारच सुखवस्तू म्हणायची.

जहाजावर पहिल्या दिवशी पावणेपाचला सौ. उठल्या. मीही उठलो. “अहो, तुम्ही कशाला येता? तुमची वेळ नाही झालेली,” त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या बुफेत एका कोपऱ्यात त्यांची थाळी तयार होती. फुलके, मूगडाळ, कच्च्या केळ्यांची भाजी आणि भात. शेजारच्या दोन टेबलांवर मुंबईची आणि सुरतेची मंडळी डब्यातले थेपले काढून बसली होती. पाच मिनिटांत ओळखी झाल्या, लोणच्याची देवाणघेवाण झाली. मी फक्त चहा घेतला.

चहा पिताना मी सौ.ना जेवताना पाहत होतो. त्या सावकाश जेवतात, भाजी आधी संपवतात, भात शेवटी घेतात. आणि एकाएकी माझ्या ध्यानात आले, की ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

नोकरीत चोपडा, दोंडाईचा, चाळीसगाव अशा बदल्या झाल्या. कॅश जुळली नाही की रात्रीचे नऊ, आणि मार्चअखेरीस तर अकराही वाजत. माझे स्वतःचे चौविहाराचे पच्चक्खाण नोकरीच्या पहिल्याच क्लोजिंगला सुटले. मी घरी येई तेव्हा सौ. केव्हाच जेवून झालेल्या असत. तरी त्या समोर बसत, गरम फुलका वाढीत, दिवसभराचे ऐकून घेत. मी जन्मभर लोकांना सांगत आलो, की आमच्या घरी रात्रीचे जेवण एकत्र होते. खतावणीत एकच बाजू भरलेली होती आणि खाते जुळले असे समजून मी सही करीत होतो.

नोकरीचे निमित्त तरी सहा वर्षांपूर्वी संपले. निवृत्तीनंतरही मी आठलाच जेवत राहिलो. कारण? आठच्या बातम्या. याहून बरे कारण मला आजही देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी दोन थाळ्या मागवल्या. सौ. काही बोलल्या नाहीत. आपल्या ताटातली लोणच्याची फोड त्यांनी तेवढी माझ्या ताटात ठेवली. पावणेनऊला आम्ही दोघेही मुलांसोबत दुसऱ्या पंगतीला बसलो, समोर रिकाम्या ताटल्या घेऊन. वाढपी बिचारा तीनदा विचारून गेला. नातवाने विचारले, “दादा, तुमचं पोट दुखतं का?” शेजारच्या टेबलावर गरम सूप आले, त्याचा वास आला, आणि तासभर मी काय करावे हे मला कळेना. शेवटी मी पाणी प्यायलो. सौ. हसून म्हणाल्या, “आता तुमचा तिविहार झाला. तोसुद्धा पच्चक्खाणाशिवाय!” त्यांच्या पुढ्यातला पेला तसाच भरलेला होता.

पच्चक्खाण मी अद्याप घेतलेले नाही. निभेल याची खात्री झाल्याखेरीज घ्यायचे नाही असे ठरवले आहे. पण शिरपूरला परतल्यापासून आमच्या घरी जानेवारीत साडेपाचला दोन ताटे मांडली जात होती, आता उन्हाळ्यात साडेसहाला मांडली जातात. चार वेळा माझा नेम मोडला. त्यांतल्या दोन वेळा लग्नाचे आमंत्रण होते, आणि पत्रिकेत चौविहाराची व्यवस्था छापलेली असूनही मी गप्पांत रमलो. उरलेल्या दोन वेळांना काहीही कारण नव्हते.

परवा सूनबाईंचा फोन आला. पुढच्या वर्षी जूनमध्ये बार्सिलोनाहून निघणारी सफर पाहत आहेत. मी पुन्हा सूर्यास्त शोधला. तिथे तो जूनमध्ये साडेनऊच्या आसपास होतो. सौ.ना सांगितले, “तिकडे दुसरी पंगतसुद्धा चालेल. पावणेनऊला बसलो तरी सूर्य आकाशात असेल.”

त्या पोळपाट पुसत होत्या. म्हणाल्या, “इतक्या उशिरा कोण जेवतं?”