विचार करून सांगतो

वीस वर्षं मी बँकेत कारकुनी करतो आहे, आणि त्यातली सहा गृहकर्जाच्या टेबलावर गेली. लोकांच्या घरांची स्वप्नं माझ्या हातून तीन प्रतींत पुढे सरकली. मी स्वतः मात्र आठव्या भाड्याच्या घरात राहतो. हलवायाला मधुमेह असावा, तसला हा प्रकार.

लग्नाच्या वर्षी आम्ही हौसेनं दोघांच्या नावांची पितळी पाटी करून घेतली. ती आठ घरं फिरली, पण वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून बाहेर काही आली नाही. कारण सगळे घरमालक एका गोष्टीत एकमतानं वागतात : भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

पुण्यात घर घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण पडलो कॉमर्सचा माणूस. कुणी भाव सांगितला की तोंडातून आपोआप निघतं, ‘विचार करून सांगतो.’ पहिलं घर मी विचार करत असताना गेलं. दुसरं, ओटा पूर्वेला हवा की पश्चिमेला यावर आमच्या घरात चर्चा चालू असताना. तिसऱ्या वेळी विचारबिचार न करता चेकबुक घेऊन धावलो, तर जिन्यात चौघंजण पेढ्यांचा पुडा घेऊन उतरताना भेटले. त्यांनी मलाही एक पेढा दिला. पेढा चांगला होता.

अशात माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली. बँकेच्या कामासाठी भीमाशंकरच्या रस्त्यावर तळेघरला खेप व्हायची. पावसाळ्यात तिथे ढग दारापर्यंत येतात. डोंगरात हिरड्याची झाडं, खाली भातखाचरं. आणि गावाच्या नावातच घर! म्हटलं, इथे कोण येतंय आपल्यावर बोली लावायला? चहाच्या टपरीवर सहज विचारलं, “इथं कुणाला घर विकायचंय का हो?”

चहावाला गाळणं धरून थबकला. “विकायचं? मंग त्यानं ऱ्हायचं कुठं?”

हा प्रश्न मला पुण्यात एकाही दलालानं विचारला नव्हता.

मग तलाठीभाऊंना गाठलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. म्हणाले, शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याचं कलम ६३ सांगतं, आधी शेतकरी असा. माझी शेती म्हणजे एक तुळस, तीही मालकाच्या गच्चीवर. शिवाय या डोंगराकडच्या भागात वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. जमीन महसूल संहितेत १९७४ साली ३६ अ हे कलम घातलं गेलं. आदिवासीची जमीन इतरांनी विकत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्यासाठी राज्य सरकारची मान्यता आधी. रजेच्या अर्जावर सही घ्यायला साहेबांच्या केबिनबाहेर तासभर घुटमळणारा माणूस मी! बी.कॉम.वाल्यांसाठी एखादं पोटकलम आहे का, असंही विचारून पाहिलं. नव्हतं. मी मनातून चांगलाच चिडलो.

त्याच आठवड्यात तळेघरकडचे एक म्हातारबाबा पैसे काढायला शाखेत आले. स्लिप भरताना पत्ता विचारला, तर म्हणाले, “आताचा सांगू, का खरा?”

खरा पत्ता जुनं आंबेगाव. ज्या गावाच्या नावानं तालुका आहे, ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेरी घोडेगावात. म्हणजे तालुकासुद्धा माझ्यासारखाच, नाव एकीकडे आणि बिऱ्हाड दुसरीकडे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. तेव्हा बाबा नातवाला घेऊन जातात आणि आपलं जोतं दाखवतात. चूल कुठे होती तेही.

“साहेब, तुमी किती घरं बदलली?”

“आठ.” मी दुःखी चेहरा करून सांगितलं.

“आन् त्यातली पान्यात किती गेली?”

“एकही नाही.”

“मंग बरं हाय की!” म्हणून बाबांनी अंगठा उठवला आणि नोटा दोनदा मोजून निघून गेले.

माझा राग तिथेच उतरला. एकदा धरणानं घर नेलं, ते पाण्यासाठी. ते ३६ अ कलम नसतं तर उरलेलं कुणी नेलं असतं, हे गृहकर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला दुसऱ्या कुणी सांगायला नको. जिन्यातले ते चौघं पेढेवाले आधी वर आले असते, आणि त्यांच्या मागोमाग धापा टाकत मी.

रात्री हे सगळं हिला सांगितलं. ती काही बोलली नाही. उठली, ट्रंकेतून पाटी काढली आणि चिंचेनं घासायला बसली. “घर कधी व्हायचं ते होईल,” ती म्हणाली. “नाव तर आपलंच आहे ना? मग ते ट्रंकेत कशाला?”

दुसऱ्या दिवशी घरमालकांकडे गेलो. म्हटलं, भाडं वाढवा हवं तर, पण दाराशेजारी एक खिळा ठोकू द्या. एकच.

मालकांनी पाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, परत दिली आणि म्हणाले, “विचार करून सांगतो.”