डेलाफिल्डबाईंच्या टेबलावर फोटो नाही

पावसाळ्यात मिठबावात वीज गेली की बैठक आटोपती घ्यावी लागते. मग मोबाईलच्या उजेडात आम्ही रहस्यकथा वाचतो. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारपासून लागलेली ही खोड. सध्या मुक्कामाला आहे लॉस एंजेलिस पोलिसांतली केट डेलाफिल्ड. कॅथरीन फॉरेस्ट या लेखिकेने १९८४ साली 'अमॅच्युअर सिटी'पासून तिची मालिका सुरू केली, ती २०२२च्या 'डेलाफिल्ड'पर्यंत चालली. केट खुनाचे तपास करते. ती लेस्बियन आहे आणि नोकरीत ते लपवून आहे.

आमच्यातला एकजण इंग्रजी वाचून मराठीत सांगतो. शेजारची काकी ऐकता ऐकता म्हणाली, "बाईकडे पिस्तूल आसा, मगे ती घाबरता कोणाक?"

आम्ही गप्प झालो. कारण उत्तर आम्हाला पाठ होते. शिकायला शहरात गेलो तेव्हा भाड्याच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो बॅगेत तळाशी ठेवला होता. घरमालकाने आडनाव विचारले की आम्ही गावाचे नाव सांगायचो. बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३चे. आम्ही त्यानंतर चाळीस वर्षांनी तेच केले.

काही कार्यकर्ते विचारतात, चळवळीपुढे इतके प्रश्न असताना हे कशाला? त्यांनी १९३४चा 'समाजस्वास्थ्य' खटला आठवावा. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा आरोप होता, त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता, आणि कर्व्यांचे वकील होते बाबासाहेब. खटला हरले. 'हा आपला विषय नाही' असे म्हणून त्यांनी वकीलपत्र नाकारले नव्हते.

मालिकेतले आम्हाला सर्वांत लागलेले पुस्तक 'मर्डर बाय ट्रॅडिशन' (१९९१). एका समलिंगी तरुणाचा भोसकून खून होतो. आरोपी म्हणतो, त्यानेच माझ्या अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, मी स्वतःला वाचवले. पुढे कोर्टात जणू मेलेल्याच्याच चारित्र्याचा खटला चालतो. हे वाचताना खैरलांजी आठवली नाही असा आमच्यात कुणी नव्हता. २९ सप्टेंबर २००६ला भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले आणि आधी चर्चा झाली ती त्या माऊलीच्या चारित्र्याची. शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा कोर्टाने लावला नाही. मेलेला बोलू शकत नाही, म्हणून मारणाराच गोष्ट सांगतो. केट पुराव्यांतून ती गोष्ट मोडून काढते, आणि त्यातच आम्हाला खरी मजा येते.

एक खटकते. नायिका पोलीस आहे. तक्रार नोंदवायला रात्र रात्र ठाण्याच्या बाकावर बसलेल्यांना तिच्यावर चटकन जीव लावता येत नाही. बहुधा लेखिकेलाही हे ठाऊक असावे. आता मागे जाऊन 'मर्डर अॅट द नाइटवूड बार' (१९८७) घेतले आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीचा लेस्बियन बारबाहेर खून झालाय, आणि आतल्या बायका पोलिसांशी बोलायलाच तयार नाहीत. हे मात्र काकीला समजावून सांगावे लागले नाही. काल वीज लवकर आली आणि पुस्तक तिथेच राहिले.