शेवटचा गण

गेल्या वर्षी एका साहित्य मेळाव्याची पत्रिका घरी आली. परिसंवादाचे अध्यक्षपद मला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. नाव होते, पण वक्त्यांच्या यादीत, तेही अगदी शेवटी. चार दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही.

अशात नात वही घेऊन आली. "नाना, 'आदमीनामा'ची लगावली काढून द्या ना."

ही नज्म नजीर अकबराबादींची. आग्र्यात मुले शिकवून पोट भरणारे हे शायर १८३० मध्ये वारले. बाजार, मेळे, सण यांवर लिहितात म्हणून जुन्या जाणकारांनी त्यांना मोठ्या शायरांच्या पंगतीत बसवले नाही. शेवटच्या नावाचे दुःख त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असणार!

आम्ही मांडायला बसलो. पाच ओळींचे कडवे, म्हणजे मुखम्मस. पहिल्या कडव्यात पाचही ओळींची रदीफ एकच आणि ती 'आदमी'वर संपते. रदीफच्या आधी काफिया. पहिल्या ओळीत 'पादशा', दुसरीत 'गदा', म्हणजे भिकारी. दरबारात जे एकमेकांशेजारी उभे राहिले नसते, त्यांना यमकाने शेजारी बसवले. मशिदीच्या कडव्यात तर कमालच. खुतबा वाचणारा 'ख्वाँ' आणि चोरीला जाणाऱ्या 'जूतियाँ' एकाच काफियात! नमाज पढणाराही माणूस, चपला चोरणाराही माणूस आणि चोरावर नजर ठेवणाराही माणूसच.

मग वृत्त : गागाल गालगाल लगागाल गालगा. शेवटचा गण 'गालगा'. 'आदमी' त्यात नेमका बसतो. त्या पहिल्या कडव्यात हुद्दा, दौलत, गरिबी, जे काही बदलायचे ते ओळीच्या आधीच्या भागात बदलते. शेवटचा गण जागचा हलत नाही. पुनरुक्ती हा काव्यातला दोष असे मी वर्गात शिकवत आलो. इथे तीच न्याय करते.

नात बोटे मोजत होती. "नाना, 'अध्यक्ष'सुद्धा बसतो. गागाल! पहिल्याच गणात."

"आणि शेवटी?"

"शेवटी आदमीच."

तिने सहज म्हटले. माझी पत्रिका तिने पाहिलीही नव्हती. मला मात्र मान वर करवेना. रोज नमाजेच्या सफीत, शेजारी कोण आहे हे न बघता, खांद्याला खांदा लावून उभा राहणारा मी कागदावरच्या रांगेसाठी रुसलो होतो!

मेळाव्याला गेलो. शेवटी बोललो. आदमीनाम्यावरच बोललो.